इन्हेलर डिझाइन करताय? वजनकाटा बाजूला ठेवा, आधी घसा धुऊन बघा

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूरकडची मेकॅनिकल, बायोमेडिकल आणि फार्मसीची पोरं हमखास विचारतात: पावडर इन्हेलरवर काम करू का? करा. आपल्या भागात याची गरज कुणी समजावून सांगायला नको. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या बायका. छातीचे पेशंट घरोघरी आहेत. पण हातात मावणारी, चार-पाच प्लास्टिकच्या भागांची ही वस्तू दिसते तितकी सोपी नाही. ती नेमकी कुठे फसवते ते वेळेवर सांगणारं माणूस सहसा भेटत नाही, आणि पोरांची दोन-दोन सेमिस्टर त्यात जातात. म्हणून इथे एकच गोष्ट लांबण लावून सांगणार आहे. बाकीचं थोडक्यात.

एमडीआय (गॅसचा पंप) आणि डीपीआय (पावडर इन्हेलर) यांतला फरक, एक ते पाच मायक्रॉनचे कण खोल जातात आणि त्याहून मोठे घशात आपटतात, एवढं वाचून आला आहात असं धरतो. एमडीआयच्या नादाला कॉलेजात लागू नका. १९५६ साली पहिला एमडीआय बाजारात आला तेव्हापासून त्याचा जीव मोजमापाच्या व्हॉल्व्हमध्ये आणि प्रोपेलंटमध्ये, म्हणजे औषध बाहेर ढकलणाऱ्या गॅसमध्ये, आहे. ते दोन्ही तुमच्या हातात नाहीत. शिवाय तापमान वाढवणारे असे गॅस कमी करण्याच्या २०१६ च्या किगाली करारानंतर एचएफए-१३४ए मागे पडून १५२ए सारखे कमी तापमानवाढ करणारे प्रोपेलंट पुढे येत आहेत, म्हणजे जमीनच हलते आहे. एकेरी डोसचा कॅप्सूल इन्हेलर घ्या. आपल्याकडच्या औषध दुकानात तो मिळतो, स्वस्त आहे, उघडून बघता येतो, आणि त्यात सुधारणेला खरोखर जागा आहे.

आता सापळा.

तीन नंबरच्या कॅप्सूलमध्ये साधारण २५ मिलिग्रॅम पावडर असते. सालब्युटामॉलची (दम्यात श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची) २०० मायक्रोग्रॅमची कॅप्सूल घेतली तर त्यात औषध एक टक्क्याहूनही कमी. उरलेलं सगळं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. विद्यार्थी काय करतो? कॅप्सूल भरलेली असताना तोलतो, इन्हेलरमध्ये घालून पंपाने हवा ओढतो, पुन्हा तोलतो. २५ मधले २४ मिलिग्रॅम गेले. रिपोर्टात लिहितो: कार्यक्षमता ९६ टक्के. गाइडची सही होते, प्रदर्शनात बक्षीसही मिळतं.

हा आकडा औषधाबद्दल काहीच सांगत नाही. काट्याने लॅक्टोज तोललं. औषधाचे दोन-तीन मायक्रॉनचे कण साठ-नव्वद मायक्रॉनच्या लॅक्टोजच्या खड्यांना चिकटलेले असतात, अनारशाला खसखस चिकटावी तसे. मुद्दाम चिकटवलेले, कारण एवढी बारीक पावडर एकटी वाहत नाही, तिच्या गुठळ्या होतात, कॅप्सूलमध्ये नीट भरताही येत नाही. इन्हेलरचं खरं काम कॅप्सूल रिकामी करणं हे नाहीच. त्या खड्यांवरून औषध उपटून काढणं हे त्याचं काम. ते उपटलं गेलं नाही तर खडा औषधासकट घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो आणि पेशंट तो गिळून टाकतो. कॅप्सूल शंभर टक्के रिकामी, फुप्फुसात जवळजवळ काही नाही. वर्षानुवर्षं चालत आलेल्या साध्या कॅप्सूल इन्हेलरांतसुद्धा फुप्फुसापर्यंत जाणारा वाटा बहुधा दहा ते तीस टक्क्यांच्या दरम्यानच असतो. तुमच्या ९६ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

आणि याहून वाईट पुढे आहे. वजनाच्या आकड्यावर भिस्त ठेवून डिझाइन सुधारायला गेलात तर ते बिघडत जातं. कॅप्सूल पूर्ण रिकामी होत नाही म्हणून हवेची भोकं मोठी केली. लगेच आकडा वाढला. पण भोक मोठं झालं की तेवढ्याच प्रवाहाला तिथला हवेचा वेग कमी होतो, चेंबरमधली घुसळण मंदावते, कण भिंतीवर आपटण्याचा जोर जातो. कॅप्सूल टोचणाऱ्या पिनेची भोकं वाढवली तर पावडर एकदम भसकन बाहेर पडते, हवेने पुरता वेग घेण्याआधीच. दोन्ही वेळा काट्यावर सुधारणा दिसते आणि औषधाचा वाटा घशाकडे सरकतो. तीन-चार आवृत्त्या अशा झाल्या की अख्खा प्रोजेक्ट उलट्या दिशेला गेलेला असतो आणि हातातले सगळे तक्ते मात्र चढते असतात. म्हणून पुन्हा सांगतो, वजनावरून फक्त कॅप्सूल अडकली की नाही एवढं बघा. त्यावर डिझाइनचा एकही निर्णय घेऊ नका.

मग मोजायचं कशावर? कास्केड इम्पॅक्टर, म्हणजे कण आकारानुसार टप्प्याटप्प्याने वेगळे करणारं यंत्र, हे खरं उत्तर. सात टप्प्यांचा एनजीआय किंवा आठ टप्प्यांचा अँडरसन. ते महाग असतं, प्रत्येक कॉलेजात नसतं, आणि त्यासाठी रडत बसायचं कारण नाही. काचेचा दोन टप्प्यांचा इम्पिंजर पुरतो, तो कण द्रवात अडकवतो. फार्मसी कॉलेजच्या कपाटात एखादा धूळ खात पडलेला सापडतो. नसेल तर काचकाम करणाऱ्याकडून फार्माकोपियातल्या (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातल्या) मापांनी करून घेता येतो. वरच्या टप्प्यात ७ मिलि आणि खालच्या टप्प्यात ३० मिलि द्रव घालायचा, सालब्युटामॉल सल्फेटसाठी डिस्टिल्ड वॉटर चालतं. मिनिटाला ६० लिटर हवा ओढली की ६.४ मायक्रॉनच्या वरचे कण वरच्या टप्प्यात अडकतात, त्याखालचे खालच्या टप्प्यात उतरतात. ढोबळ आहे, पण घसा आणि फुप्फुस वेगळे करतो, आणि तुम्हाला आत्ता तेवढंच हवं आहे.

एका कॅप्सूलवर यूव्हीला, म्हणजे प्रकाश किती शोषला त्यावरून औषध मोजणाऱ्या यंत्राला, काही दिसणार नाही. २७६ नॅनोमीटरवर सालब्युटामॉल मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम असलं तरी शोषण ०.०७ च्या आसपासच भरतं. म्हणून एका वेळी सलग दहा कॅप्सूल सोडायच्या, प्रत्येकीला चार सेकंद. मग तीन धुणी वेगवेगळी घ्या: इन्हेलर आणि रिकाम्या कॅप्सूल एक, इम्पिंजरचा घसा (तोंडाकडची घशासारखी वळलेली काचेची नळी) आणि वरचा टप्पा दुसरं, खालचा टप्पा तिसरं. कॅप्सूलचं जिलेटिन आणि रंग यूव्हीत लुडबुड करतात, तेव्हा औषध नसलेल्या रिकाम्या कॅप्सूलचं धुणं (ब्लँक) तपासल्याशिवाय पहिल्या धुण्याचा आकडा लिहू नका. शेवटचे निकाल एचपीएलसीवरच, म्हणजे मिश्रणातलं औषध वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावरच, करा. फार्मसीच्या लॅबमध्ये नम्रपणे विचारलं तर रविवारी मशीन मिळतं. तिन्हींची बेरीज लेबलवरच्या मात्रेच्या ८५ ते ११५ टक्क्यांत यायला हवी. सत्तर आली तर औषध कुठेतरी राहिलंय: काचेच्या सांध्यात, माउथपीसच्या आतल्या कडेला, नाहीतर धुताना सांडलं. असा प्रयोग फेकून द्यायचा. बाकीच्या आकड्यांत तो मिसळायचा नाही, गाइडने सांगितलं तरी.

पहिल्यांदा घसा धुतल्यावर आकडा बघून धसका बसेल. बसू द्या. तीन-चतुर्थांश औषध तिथेच सापडणं हे अगदी सर्वसाधारण आहे, तुमचं डोकं कमी आहे म्हणून नव्हे. त्या आकड्यापासूनच काम सुरू होतं.

आता रोध, म्हणजे इन्हेलर हवेला किती अडवतो. सूत्र माहीत असेलच: दाबातल्या फरकाचं वर्गमूळ म्हणजे रोध गुणिले प्रवाह (दाब किलोपास्कलमध्ये, प्रवाह मिनिटाला लिटरमध्ये). चाचणी ४ किलोपास्कलवर करतात आणि त्या वेळी जो प्रवाह मिळेल तो तुमच्या डिव्हाइसचा प्रवाह. रोध ०.०२ असेल तर मिनिटाला १०० लिटर, ०.०५ असेल तर ४० लिटर. हवा एकूण ४ लिटर ओढायची, म्हणजे २४० भागिले प्रवाह इतके सेकंद. महागडा मॅनोमीटर नको. ४ किलोपास्कल म्हणजे पाण्याचा जवळपास ४१ सेंटिमीटर स्तंभ. मीटरभराची यू-नळी, रंगीत पाणी आणि मोजपट्टी एवढ्यावर रोध अगदी नीट मोजता येतो. पंप मात्र दमदार हवा. प्रवाह नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हच्या पंपाकडच्या बाजूचा निरपेक्ष दाब इन्हेलरकडच्या बाजूच्या निम्म्याहून जास्त असेल तर प्रवाह स्थिर राहत नाही, कॅप्सूल फिरायला लागली की तो डुलतो.

इथे नवीन मुलांचा एक ठाम गैरसमज असतो: पेशंटला श्वास कमी आहे, तेव्हा रोध कमी ठेवू, ओढायला हलकं पडेल. उलट आहे. औषध उपटायची ताकद पेशंटच्या ओढीने तयार झालेल्या दाबातून येते. कमी रोधाच्या इन्हेलरला तेवढी घुसळण करायला खूप जास्त प्रवाह लागतो, आणि सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) सत्तरीतल्या आजीकडे नेमका तोच नसतो. शिकाऊ डिझाइनसाठी ०.०३ ते ०.०४ च्या आसपास रोध धरा. ०.०३५ ला ४ किलोपास्कलवर सुमारे ५७ लिटर मिळतात, इम्पिंजरच्या साठशी जुळतं. मात्र तेवढ्यावर थांबू नका. २ आणि ६ किलोपास्कललाही बघा, म्हणजे सुमारे ४० आणि ७० लिटर. इम्पिंजरची ६.४ ची सीमा फक्त साठला खरी आहे, तेव्हा या दोन टोकांसाठी एनजीआय असलेली लॅब शोधावी लागेल. तिन्ही दाबांना फुप्फुसाचा वाटा फारसा हलला नाही तर ते खरं यश. पंप कधी दमत नाही, पेशंट दमतो.

बेळगावात मोजणाऱ्यांसाठी एक खास सूचना, पुस्तकात सहसा सापडत नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर आहोत. हवेचा दाब इथे ९२-९३ किलोपास्कल असतो, १०१ नव्हे. तुमचा डिजिटल फ्लोमीटर ‘स्टँडर्ड लिटर’ (समुद्रसपाटीच्या दाबाला धरलेले लिटर) दाखवणारा असेल तर त्याचे ६० म्हणजे इथले प्रत्यक्ष ६६-६७ लिटर. दहा टक्के चूक अशी गुपचूप शिरते, आणि पणजीच्या किंवा मुंबईच्या लॅबमधले आकडे तुमच्याशी जुळेनात की सगळे एकमेकांवर संशय घेतात. मीटरचं माहितीपत्रक वाचा, प्रत्यक्ष लिटरमध्ये बदला, आणि दाब-तापमान वहीत लिहून ठेवा.

डिव्हाइसच्या आतल्या गोष्टींपैकी कॅप्सूलचं घर आधी ठरवा. तीन नंबरची बंद कॅप्सूल सुमारे १६ मिलिमीटर लांब आणि ५.८ मिलिमीटर जाड. ती आडवी फिरवायची तर चेंबरचा व्यास लांबीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त आणि उंची जाडीपेक्षा किंचितच जास्त ठेवा. उंची वाढली की कॅप्सूल तिरकी होऊन अडकते. हवा दोन्ही बाजूंनी स्पर्शरेषेत आत घ्या. फिरताना खुळखुळ असा आवाज येतो, तो दाबू नका. औषध निघतंय हे पेशंटला त्यावरूनच कळतं. वरच्या जाळीकडे तर कुणी लक्षच देत नाही. ती कॅप्सूलचे तुकडे अडवायला असते असं वाटतं, पण भोवऱ्यासारखी आलेली हवा सरळ करण्याचं कामही तीच करते. जाळी फार मोकळी केली तर पावडर गिरक्या घेत माउथपीसच्या आतल्या भिंतीवर बसते.

पिन. टोचलेली कॅप्सूल दहापटीच्या भिंगाखाली धरून बघा, हे न चुकता करा. चांगल्या भोकाला आत दुमडलेली एक अखंड पापडी असते, कडेला जोडलेली. पिन बोथट असेल तर आधी कॅप्सूल पिचकते, मग फाटते, पापडी सुटते आणि जाळीवर जाऊन बसते किंवा जाळीतून निसटते. वाईट भोकाची कडा पांढरट, चिरा पडलेली दिसते. पिन स्टेनलेस स्टीलची, टोक तिरकं तासलेलं घ्या, आणि स्प्रिंगने पूर्ण मागे यायला हवी. अर्धा मिलिमीटर आत राहिली तरी कॅप्सूल फिरत नाही. हे काम उद्यमबागेतल्या एखाद्या जुन्या टूलरूम मिस्त्रीला दाखवा. पिनेचा कोन, मोल्डचा ड्राफ्ट, फ्लॅश कुठे येणार हे तो ड्रॉइंगवर नजर टाकून सांगतो. अशा माणसाकडे तासभर बसणं कुठल्याही पैसे भरून घेतलेल्या ऑनलाइन कोर्सपेक्षा जास्त शिकवतं, असं माझं ठाम मत आहे.

थ्रीडी प्रिंटचे सांधे गळतात. मोजायच्या आधी सगळ्या सांध्यांवर पॅराफिल्म (लॅबमधली ताणली जाणारी मेणाची पट्टी) गुंडाळून रोध पुन्हा मोजा. वाढला, तर हवा फटीतून येत होती. ती हवा कॅप्सूलजवळ जातच नाही, काही काम करत नाही. एफडीएमच्या (वितळलेल्या प्लास्टिकच्या धाग्याच्या) प्रिंटवर थरांच्या रेघांत पावडर अडकते, रेझिनचा प्रिंट बरा. घासलेलं कोरडं प्लास्टिक स्थिर विजेने पावडर धरून ठेवतं, म्हणून सौम्य डिटर्जंटच्या पाण्यात बुडवून, न पुसता, पूर्ण वाळू द्या.

आणि पाऊस. खानापूर-कणकुंबीच्या जुलैतली हवा आणि एप्रिलातली गोकाककडची हवा या डिव्हाइससाठी दोन वेगळे देश आहेत. जिलेटिनच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असतं. उन्हाळ्यात ते सुकलं की कवच ठिसूळ होतं आणि पिनेखाली तडकतं. पावसाळ्यात पावडर ओलावा धरते, औषध लॅक्टोजला आणखी घट्ट चिकटतं, फुप्फुसाचा वाटा घसरतो. एचपीएमसीच्या (वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेल्या) कवचात पाणी बरंच कमी असतं, ते दोन्ही ऋतू जास्त नीट काढतं. मे महिन्यात छान आलेले आकडे ऑगस्टमध्ये पडले तर डिझाइन बदलायला धावू नका. आधी आर्द्रता बघा, कॅप्सूल प्रयोगाच्या क्षणापर्यंत पाकिटातच ठेवा.

आता नको त्या शॉर्टकटांबद्दल. हवेचं कॉम्प्युटर सिम्युलेशन सुंदर रंगीत चित्रं देतं, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर प्रोजेक्ट उरकतात. सिम्युलेशन वाईट नाही. दोन आवृत्त्यांत वेग कुठे वाढला हे समजायला उत्तम. पण औषध लॅक्टोजवरून कधी सुटतं हे ते स्वतःहून सांगत नाही, ती चिकटण्याची ताकद तुम्ही भरलेली असते. इम्पिंजरचे निदान तीन प्रयोग झाल्याशिवाय सिम्युलेशन उघडू नका. पुण्या-बेंगळुरूकडून तयार प्रोजेक्ट आणणाऱ्यांना तर एवढंच सांगेन की तोंडी परीक्षेत ‘घशात किती राहिलं’ हा एक प्रश्न आला की सगळं संपतं. गाइड मेकॅनिकलचे असतील तर फार्मसीतल्या एका सरांना किंवा मॅडमना पहिल्याच दिवशी सोबत घ्या. नुसता मेकॅनिकल गाइड हवेकडे बघतो, नुसता फार्मसीचा गाइड पावडरीकडे, आणि हे डिव्हाइस दोघांच्या मधे आहे.

एक गोष्ट कडक शब्दांत. स्वतःच्या प्रोटोटाइपमधून कधीही श्वास ओढू नका, नुसतं लॅक्टोज असलं तरी नाही, मित्राला ओढायला देऊ नका, घरातल्या दम्याच्या पेशंटला तर नाहीच. अर्धवट घट्ट झालेलं रेझिन, सुटलेला प्लास्टिकचा कण, तुटलेली पिन, सगळं थेट फुप्फुसात जाईल. माणसावर काहीही करायचं तर एथिक्स समितीची परवानगी लागते, त्याला पळवाट नाही. हाताळणी तपासायची असेल तर तोंडाला न लावता तपासता येते: उघडा, कॅप्सूल घाला, टोचा, काढा. वय झालेल्या, बोटं आखडलेल्या माणसांना ते करायला सांगा आणि गप्प बसून बघा. कॅप्सूल खाली पडते, टोचायचं बटण पूर्ण दाबत नाहीत किंवा दाबूनच धरतात. घडवून आणलेल्या दहा मुलाखतींपेक्षा हे जास्त सांगतं. सूचनापत्रक चित्रांचं करा, खाली मराठी आणि कन्नड दोन्ही. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत सासूला एक वाचता येतं, सुनेला दुसरं. त्यात दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत हव्यात: डिव्हाइसमध्ये फुंकायचं नाही, आणि पहिल्या क्षणापासून जोरात ओढून साधारण दहा सेकंद श्वास धरायचा. गॅसच्या पंपाला सावकाश ओढायची सवय लागलेले पेशंट इथेही सावकाश ओढतात आणि औषध कॅप्सूलमध्येच राहतं.

नियमांची भीती बाळगू नका, पण नावं माहीत असू द्या: २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, डिझाइन पडताळणीसाठी आयएसओ २००७२, धोक्यांच्या नोंदीसाठी १४९७१. डोसच्या एकसारखेपणासाठी युरोपीय फार्माकोपियाची अट सोपी आहे: दहापैकी नऊ डोस सरासरीच्या ७५ ते १२५ टक्क्यांत, आणि दहाच्या दहा ६५ ते १३५ मध्ये. ही चाचणी तुम्हीही करू शकता, आणि नोकरीच्या मुलाखतीत ती केलेल्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतात. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की वेर्ण्याची औद्योगिक वसाहत आहे. औषध कंपन्यांच्या इन्हेलेशन विभागांत यंत्र आणि पावडर दोन्ही समजणारी माणसं कमी असतात. सीजीपीए कमी म्हणून खचू नका, नीट ठेवलेली वही घेऊन जा.

सुरुवात अशी करा. दुकानातून चालू असलेला एक कॅप्सूल इन्हेलर आणि कॅप्सूलची एक बाटली आणा. स्वतःचं काहीही काढायच्या आधी त्याचा रोध मोजा आणि इम्पिंजरवर त्याचे तीन प्रयोग करा. तिन्हीत खालच्या टप्प्याचा आकडा एकमेकांजवळ येईपर्यंत स्वतःच्या डिझाइनला हात लावू नका; तोवर दोष मोजण्यात आहे, डिव्हाइसमध्ये नाही. वहीत प्रत्येक प्रयोगाला हे रकाने ठेवा: तारीख, खोलीची आर्द्रता, तापमान, हवेचा दाब, रोध, प्रवाह, कॅप्सूलचा बॅच नंबर, डिव्हाइसमध्ये राहिलेलं, घशात, खाली उतरलेलं, आणि बेरीज. वजनाचा रकाना हवा तर शेवटी, पेन्सिलीने.